सोळाची वायर, दीडशेचा फ्यूज

स्टेन्सहुल्त, २७ एप्रिल

सीव्हर्ट,

आज सकाळी प्रार्थनाघरात जाताना स्तोत्रांचं पुस्तक माझ्या मांडीवरून घसरून सीटखाली गेलं. ते काढायला मी हात घातला, तर पुस्तकाआधी तुझी वायर हाताला लागली. चटका बसला. भास झाला असेल म्हणून पुन्हा बोट लावलं, पुन्हा बसला. बॅटरीपासून चटईखालून मागच्या हौद्यापर्यंत गेलेली ती लाल वायर आतल्या आत शिजत होती आणि शेजारी माझी मुलगी गाण्यावर मान डोलावत गाडी चालवत होती.

माझी गाडी सुरू होईना म्हणून मी तिल्डेच्या गाडीत बसलो होतो. तिची आई लिस्बेत सायकलनं गेली आणि आमच्या आधी पोचली. तू करून दिलेल्या गाडीचा वेग एवढा. दारातच इंगेगेर्डबाई उभ्या. तुमची मुलगी अंगणात आली की कपाटातले कॉफीचे कप नाचतात, म्हणाल्या. मी म्हटलं, आत बसलं की दातही नाचतात.

हे समेटाचं पत्र आहे असं समजू नकोस. त्या गाडीबद्दल मला जे म्हणायचं ते मी वर्षापूर्वी म्हटलं आहे. बाबांची व्होल्वो, जिच्यात बसून आपण लहानपणी दर रविवारी प्रार्थनाघरात गेलो, ती तू मला न विचारता मागून करवतीनं कापलीस. तिथं लाकडी हौदा ठोकलास, तीसच्या वर जाणार नाही असा तिला अटकाव केलास, पाठीवर संथ वाहनाचा लाल त्रिकोण लावलास आणि माझ्या मुलीला पंधराव्या वाढदिवसाला दिलीस. पंधराव्या वर्षी असली अर्धी गाडी चालवायला कायद्यानं परवानगी आहे हे मला सांगू नकोस. गावातली सगळी पोरं चालवतात. पण त्यांतली एकही गाडी बाबांची नाही.

असो. विचारायचं एवढंच की ती वायर किती जाडीची आहे? त्यावर काही छापलेलं दिसत नाही. हौद्यात तुझा चंदेरी अॅम्प्लिफायर आहे, नाताळात पार्सलनं पाठवलेला. गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धांत तू वापरायचास तो. त्याला ही वायर पुरते का?

फोन करून विचारलं असतं. पण तू उचलत नाहीस. ईस्टरला एकदा उचललास, मी जेवायला ये म्हटलं, तू 'हो, हो' म्हणालास, आणि आला नाहीस. लिस्बेतनं तुझं ताट मांडलं होतं. अंडी, हेरिंग मासा, सगळं. आणि मेसेजवर मला भांडता येत नाही. अंगठ्यानं भांडायचं वय माझं राहिलं नाही. म्हणून कागद.

तूरे


स्टेन्सहुल्त, ९ मे

सीव्हर्ट,

तुझं दीपगृहाच्या चित्राचं कार्ड मिळालं. पाच दिवसांनी एवढंच: 'सोळाची आहे. पुरते. मी वायर कानानं मोजतो, कान खोटं बोलत नाहीत.'

मी कानानं मोजत नाही. मी लाकडाच्या गिरणीत काम करतो, तिथं कानानं मोजलं तर बोटं जातात. म्हणून शनिवारी यन्शोपिंगला जाऊन दुकानात विचारलं. काउंटरवर नाकात बाली घातलेली एक मुलगी होती. तिनं मला वायर दाखवण्याआधी उलट प्रश्न विचारले. अॅम्प किती ओढतो, बॅटरीपासून किती लांब आहे, वायरीच्या आत काय आहे. मला एकाचंही उत्तर धड येईना. मी म्हटलं, माझ्या भावाला विचारा, तो कानानं मोजतो. ती हसली. मी हसलो नाही.

मग तिनं कागदावर हिशेब मांडून दिला, तो मी तुला मांडून देतो, कारण तू कधी मांडला नसशील. अॅम्प हजार वॉटचा. पण जुन्या घडणीचा. जेवढं वाजवतो जवळजवळ तेवढंच गरम होण्यात घालवतो. म्हणजे बॅटरीकडून मागतो दोन हजारांच्या आसपास. गाडीच्या चौदा व्होल्टनं भाग. एकशेचाळीस अॅम्पियर. वायर पाच मीटर. एवढं एवढ्या लांब न्यायला पस्तीस चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर लागते. सोळाच्या वायरीला त्याच्या निम्म्याच्या थोडं वर सोसतं. गाईंच्या पाण्याला बाबांनी बागेची नळी लावली होती, आठवतं? नळी फुगली, गाई तहानलेल्याच राहिल्या. तेच.

तू गाडी दिलीस तेव्हा छोटा अॅम्प होता. त्याला सोळा ठीक होती, हे मी मान्य करतो. मग नाताळात तो चंदेरी राक्षस पाठवलास आणि वायर तीच राहू दिलीस. ऐंशीचा फ्यूज जळायला लागला. जळणारच. त्याचं कामच ते. आणि तिल्डेनं तुला व्हिडिओवर विचारलं तर तू सांगितलंस, दीडशेचा टाक.

सीव्हर्ट, फ्यूज अॅम्पचा राखणदार नाही, वायरीचा आहे. वायरीला सोसेल तेवढाच फ्यूज, त्याच्या वर नाही. दीडशेचा फ्यूज घातल्यावर मधली वायरच फ्यूज झाली, आणि ती माझ्या मुलीच्या पायांखालून जाते. हे नाकात बाली घातलेल्या मुलीला कळतं. दोनदा देशात पहिल्या आलेल्या माणसाला कळत नाही?

तिल्डेला मी म्हटलं, आवाज कमी ठेव. ती म्हणाली, काका म्हणतो पुरते. मी म्हटलं, मी म्हणतो पुरत नाही. ती म्हणाली, "पप्पा, तू जिंकलायस का कधी?"

आता बोल.

तूरे

ता.क. हौद्यातली स्पीकरची पेटी किती हलते ते बघायला मी एकदा आत बसून बाबांचं आवडतं स्तोत्र लावलं. फक्त तपासायला. दिवे दर ठोक्याला मंद होत होते.


स्टेन्सहुल्त, १९ मे

सीव्हर्ट,

पुन्हा दीपगृह. व्हेस्टरव्हिकच्या दुकानात दुसरं कार्ड मिळत नाही का? 'तूरे कधीपासून वीजतज्ज्ञ झाला? अॅम्प स्वच्छ वाजतो. ईस्टरनंतर मी स्वतः येऊन ऐकला.'

म्हणजे तू गावात आला होतास. मी कामावर असताना. बरं.

आता ऐक. शुक्रवारी संध्याकाळी तिल्डे आणि तिच्या मैत्रिणी प्रार्थनाघराच्या अंगणात गाड्या लावून बसल्या होत्या, नेहमीसारख्या. मी आत खुर्च्या लावत होतो. अचानक कप नाचायचे थांबले. मला आनंद झाला, तेवढ्यात जळक्या रबराचा वास आला. बाहेर धावलो तर तिल्डे चटई उपसत होती आणि खालून धूर येत होता. मी बॅटरीची पट्टी काढली. चटईला मुठीएवढं भोक पडलं आहे. तिच्या पायाला काही झालेलं नाही. देवाचे आभार मी मानले, तूही मान.

मग मी वायर उपसली आणि सुरीनं सोलली. वरचं लाल आवरण बोटाएवढं जाड, आत धागा बारीक. तो धागाही खरवडला. तांब्याचा नुसता मुलामा. खाली पांढरं. अॅल्युमिनियम. वर सोळा लिहून विकलेली असेल, आतून दहाचंही काम करत नाही.

यानं मी जास्त चिडलो. वायर वाईट निघते, माणूस फसतो. पण तू? विकत घेण्याआधी दुकानदारासमोर वायरीचं टोक कापून बघणारा तू? नव्वद सालात माल्म्योच्या दुकानदारानं तुला हाकलून दिलं होतं, त्याची आख्खी गुंडाळी तू टोकं तपासत कुरतडलीस म्हणून. आणि तू म्हणतोस अॅम्प स्वच्छ वाजतो! मला, स्तोत्रापलीकडे काही न ऐकणाऱ्याला, कळत होतं की प्रत्येक ठोका फाटतो आहे. तिल्डेलाही कळत होतं. तिला वाटलं, पेटी फाटली. तुला ऐकू आलं नाही? का ऐकायचंच नव्हतं, कारण ऐकलं असतं तर चूक कबूल करावी लागली असती?

फ्यूज माझ्या खिशात आहे. तिल्डे माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर आईला सांगते, आई मला सांगते. जूनमधल्या मध्य-उन्हाळ्याच्या सणाला तळ्याकाठी सगळ्यांच्या गाड्या जमणार आहेत, तिला जायचं आहे. मी सांगितलं, जा, पण मुक्यानं जा. शनिवारी तुझा अॅम्प मी भंगारात टाकणार आहे. परत हवा असेल तर त्याआधी फोन कर.

करणार नाहीस, माहीत आहे.

तूरे


स्टेन्सहुल्त, २५ मे

सीव्हर्ट,

शनिवारी मी अॅम्प ट्रेलरवर ठेवला. तिल्डे येऊन ट्रेलरच्या दांडीवर बसली. आठवड्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"पप्पा, काकाला ऐकू येत नाही."

मी म्हटलं, माझं तर त्यानं लहानपणापासून ऐकलेलं नाही.

"पप्पा, कुणाचंच. डाव्या कानानं काहीच नाही. उजव्यानं फक्त गडगडाट. व्हिडिओवर तो माझे ओठ वाचतो." मग खाली बघून म्हणाली, "तुझे वाचता येत नाहीत. तू दाढीत बोलतोस."

कुणाला सांगायचं नाही असं तिनं तुला वचन दिलं होतं. ते तिनं मोडलं, त्याबद्दल तिला एक शब्द बोलू नकोस. अॅम्प वाचवायला तिनं मोडलं नाही. माझ्या पत्रांमुळे मोडलं. तिनं ती वाचली होती. पाकिटं बंद करायच्या आधी मी ती टेबलावर ठेवतो, ही माझी सवय. 'ऐकायचंच नव्हतं' हे वाक्य मी लिहिलं, त्या दिवसापासून ती जेवत नव्हती म्हणे. मला वाटलं, रुसली आहे.

आता मला सांग, मी या वर्षभराचं काय करू? फोन उचलत नाही म्हणून मी तुझ्यावर धुमसत राहिलो. ईस्टरला तू 'हो, हो' म्हणालास ते काय ऐकून? काहीच नाही ना? मला वाटलं होकार, तू नुसता फोन कानाला धरून अंदाजानं मान डोलावत होतास. आणि लिस्बेत संध्याकाळपर्यंत बटाटे गरम ठेवत होती. एक कार्ड, सीव्हर्ट. त्याच दीपगृहाच्या मागे चार शब्द. मला ऐकू येत नाही. वायरीच्या जाडीबद्दल दोन कार्डं लिहिलीस, यासाठी एक नाही?

बाबाही असेच होते. गिरणीच्या पात्याच्या आवाजानं कान खाल्ले तरी रात्रीच्या जेवणाला ते हसून 'बरोबर, बरोबर' म्हणत राहायचे आणि आई म्हणायची, छप्पर गळतंय म्हटलं तरी बरोबरच. त्यांच्या व्होल्वोत तू पहिली पेटी कुणासाठी बसवलीस ते मी विसरलो नाही. प्रार्थनाघरात त्यांना स्तोत्र ऐकू यायचं नाही. परतताना गाडीत तू तेच लावायचास आणि ते सीटला पाठ टेकून, दाराला हात लावून बसायचे. ऐकतात तसं नाही. ऊन घेत बसतात तसं.

तिल्डे सांगते, तू आलास की हौद्यात चढून पेटीला पाठ लावून बसतोस.

त्यामुळे अॅम्प ट्रेलरवरून उतरवला आहे. माझा राग उतरलेला नाही. कान गेल्यावर कानानं वायर मोजणं हा अहंकार आहे, आणि तो माझ्या मुलीच्या पायांखाली जळत होता. मीटर नावाची वस्तू मिळते, ती डोळ्यांनी वाचतात. डोळे आहेत ना?

मी तुझ्याकडे येतो. कधी येऊ ते कळव.

तूरे


स्टेन्सहुल्त, ८ जून

सीव्हर्ट,

'येऊ नकोस. काय बोलणार आपण.'

तुझी कार्डं आखूड होत चालली आहेत. पुढच्या वेळी नुसतं दीपगृह येईल.

ठीक आहे. मग वायरीबद्दल लिहितो, त्याबद्दल तुला कार्ड सापडतं. पस्तीसची आणली, तांब्याची. टोक दुकानातच कापून बघितलं. ती मुलगी म्हणाली, खुशाल बघा, तुमच्यासारखे कमीच येतात. मी म्हटलं, ही माझ्या भावाची सवय आहे. फ्यूज बॅटरीजवळ बसवला, वीतभर अंतरावर. तू सीटखाली बसवला होतास, त्यामुळे बॅटरीपासून सीटपर्यंतच्या वायरीला राखणदारच नव्हता. पत्र्याला घासली असती तर देवालाच धावून यावं लागलं असतं, आणि त्याला इतर कामं आहेत. पत्र्याच्या भोकात रबर घातलं. परतीची वायरही पस्तीसचीच, ती जिथं गाडीच्या सांगाड्याला लागते तिथला रंग चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडला. तुझी रंगावरच आवळलेली होती. पूर्वी तू हे पाप म्हणायचास.

खरवडायचं काम तिल्डेनं केलं. ती आता मिठासाठी मलाच सांगते. आम्ही दोघं गाडीखाली आडवे पडलो होतो आणि ती म्हणाली, काकाला आता दिसतही कमी असेल का, नाहीतर पांढरं टोक कसं नजरेतून सुटलं? मी म्हटलं, नाही. तो घाईत असेल. तिचा वाढदिवस जवळ आला होता. ती पुन्हा रंग खरवडू लागली.

मग आत चटईखाली वायर घालताना मला कळलं की गाडी कापल्यावरही तू सीटं तीच ठेवलीस. बाबांच्या बाजूचं, हाताच्या घामानं काळं झालेलं दाराचं कापडही. वर्षभर मी ती गाडी अंगणात बघतो आहे आणि बघितली नाही.

मीटर लावून वाजवलं. वायरीत आता अर्धा व्होल्टही वाया जात नाही. दिवे मंद होत नाहीत. कप नाचतात, आधीपेक्षा जास्त. इंगेगेर्डबाईंनी कपांखाली फडकं घातलं आहे आणि मला विचारलं आहे की ती पेटी दुरुस्त करायची काय गरज होती.

काय बोलणार आपण, हे मलाही माहीत नाही. मी दाढीत बोलतो, तू ओठ वाचतोस. देवानं ही जोडी मुद्दाम जुळवली असावी.

तूरे


व्हेस्टरव्हिक, तुझ्या दारात, २० जून

सीव्हर्ट,

घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. मग मीच स्वतःला मूर्ख म्हणालो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी पाठ दिसते आहे. नवे बटाटे घासतो आहेस आणि काचेवर मारलेली टिचकी तुला कळत नाही. घंटेला दिवा जोडून घे. त्याला बारीक वायर चालते.

म्हणून हे पायरीवर बसून लिहितो आहे. दाराच्या फटीतून आत टाकेन. तुझी नजर जाईल तेव्हा जाईल.

सकाळी निघालो. तीसच्या वेगानं, सगळा रस्ता. मागे गाड्यांची रांग लागली की तिल्डे कडेला थांबायची, लोक मुठी दाखवत जायचे आणि ती त्यांना हात हलवायची. तळ्याकाठच्या मेळाव्याला ती गेली नाही. हे तिचं तिनं ठरवलं. मी फक्त विचारलं होतं, गाडी आज देशील का. म्हणाली, गाडी देणार नाही, चालवणार मीच. लिस्बेतनं स्ट्रॉबेरीचा केक दिला आहे, तो माझ्या मांडीवर होता, त्यामुळे या खेपेला स्तोत्रांचं पुस्तक सीटखाली गेलं नाही, ते तिच्या दप्तरात आहे. वाटभर गाणी चालू होती. आत्ता उतरताना चटईखाली हात घालून वायर पाहिली. गार आहे.

तू येऊ नकोस लिहिलंस. मी आलो. एवढं एक मी ठरवलं आणि केलं. बोलायचं काय ते तू ठरव.

दुसरंही एक केलं आहे. पहाटे बादलीत पाणी घेऊन विहिरीजवळ बसलो आणि दाढी काढली. विसाव्या वर्षापासूनची. लिस्बेत बाहेर आली आणि म्हणाली, "कोण पाहिजे आपल्याला?" हनुवटी आपली सारखीच निघाली आहे. ओठ स्वच्छ दिसतात. मी सावकाश बोलेन.

तिल्डे गाडी उलटी घेऊन हौदा तुझ्या भिंतीला लावते आहे. बाबांचं स्तोत्र लावणार आहे. हे पत्र तू नाहीच पाहिलंस तरी हरकत नाही. पायांखालची फळी हादरली की दार उघड.

तूरे